तलावावरची निळी खुर्ची

त्या रविवारी तुमचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा फायनल सुरू होती, आणि धाकट्याने विचारलं, "आजी, आजोबा कुठे आहेत?" मी म्हटलं, तलावावर. "मॅच सोडून?" मी म्हटलं, मॅच आहे म्हणूनच. मग तुमच्याकडचं नेट अडखळलं आणि दोघांचे चेहरे तोंडं उघडी ठेवून तसेच थांबले. याचा खुलासा लेखी द्यावा असं तेव्हाच ठरवलं. फोनवर सांगायला लागले की तुमची आई मध्येमध्ये हसते आणि क्रम बिघडतो. बत्तीस वर्षं मी शाळेत इंग्रजी व्याकरण शिकवलं. क्रम बिघडलेला मला चालत नाही.

आजोबांना क्रिकेट आवडतं, हे वाक्य बरोबर आहे पण अपुरं आहे. लग्न होऊन मी नागपूरहून या गावात आले तेव्हा माझ्यासोबत इंग्रजी पुस्तकांची एक पेटी होती. सासरी तेवढीच एक पेटी आधीपासून होती आणि तिच्यात वर्तमानपत्रांतून कापलेले खेळाडूंचे फोटो होते. धानाच्या रोवणीच्या दिवसांत आजोबा ट्रान्झिस्टर गळ्यात अडकवून चिखलात उभे राहत. रोवणाऱ्या बायांपैकी एकीलाही खेळाचे नियम माहीत नव्हते, पण "आता किती झाले जी?" असं विचारल्याशिवाय त्यांची ओळ पुढे सरकत नसे.

अशा माणसाला गावाने पनौती ठरवलं.

आपल्या शेजारच्या धानाच्या व्यापाऱ्याने मोठा टीव्ही घेतला तेव्हाची ही गोष्ट. घरात तो मावेना, म्हणून त्याने तो गोदामात लावला. समोर खुर्च्या, मागे धानाच्या कट्ट्यांची, म्हणजे पोत्यांची, थप्पी, आणि खुर्च्या संपल्या की लोक कट्ट्यांवर चढून बसत. पहिल्याच मोठ्या सामन्याला आजोबा पंप बंद करून जरा उशिरा आले, बसले, आणि आपला एक जण आउट झाला. ते पाणी प्यायला उठले तर चौकार. परत येऊन बसले तर दुसरा आउट. व्यापारी हिशेबी माणूस. त्याच्या ते लगेच ध्यानात आलं.

"काकाजी," तो म्हणाला, "जरा बाहेर जाऊन पाहता का जी?"

"कायले?"

"तुम्ही बसले का विकेट पडून राहिली."

"मी का बॉलिंग करून राहिलो?"

"काकाजी, देश का सवाल है. दोन ओव्हर फक्त."

आजोबा बाहेर गेले. षटकार. आत बोलावलं. विकेट. गोदामात त्या संध्याकाळी हे सहा वेळा करून पाहिलं आणि सहाही वेळा तेच झालं. मी उठून म्हटलं की याला योगायोग म्हणतात. तेव्हा आमचे निवृत्त पोलीस पाटील म्हणाले, "मॅडम, योगायोग एकदा होते. हा सहादा झाला. पंचनाम्याले एवढं पुरते." पाटील नोकरीत असताना गावातल्या सगळ्या पंचनाम्यांवर त्यांचीच सही असायची, त्यामुळे त्यांच्यापुढे कोणी बोललं नाही.

सगळ्यांत वाईट म्हणजे आजोबांना ते पटलं.

मी घरी त्यांच्याशी वाद घातला. म्हटलं, तुम्ही मागच्या खोलीत मोबाईलवर बघा, कोणाला कळणार आहे? ते म्हणाले, "कोणाला कळो न कळो, टीमला कळते ना."

मग व्यवस्था लागली. मोठा सामना असला की आजोबांनी गावाबाहेरच्या तलावाच्या बांधावर बसायचं, निकाल लागेपर्यंत. घरापासून पंधरा मिनिटांची चाल. व्यापाऱ्याने त्यासाठी एक निळी प्लास्टिकची खुर्ची दिली, जिचा एक हात तडकलेला आहे. पाटलांनी नियम घातले: पाहायचं नाही, ऐकायचं नाही, विचारायचं नाही. आता हा तलाव कोणाचा, हे तुम्हाला माहीत असायला हवं. तो आजोबांच्या खापरपणजोबांनी गाव गोळा करून बांधला, धानाला पाणी मिळावं म्हणून. त्यांनी बांधाची जागा किती विचार करून निवडली असेल. आपल्या वंशजाला क्रिकेटपासून दूर ठेवायला ती सोयीची पडेल, एवढा मात्र त्यांनी केला नसणार.

सामना जिंकलो की आजोबांना आणायला पाच जण जात, गुलाल घेऊन. हरलो की कोणीच जात नसे. कोणाच्या लक्षातच राहायचं नाही. त्यामुळे अंधारून आलं आणि कोणी दिसलं नाही की निकाल काय तो त्यांना समजायचा. मग ते खुर्ची उचलून डोक्यावर उपडी धरत आणि एकटेच घरी येत. मी गरम पाणी काढून ठेवायची. त्या दिवशी आम्ही क्रिकेटवर बोलत नसू.

एकदा ते तलावावर असूनही आपण हरलो. दुसऱ्या दिवशी चौकशी बसली.

"काकाजी, मोबाईल पाहिला?" पाटलांनी विचारलं.

"नेलाच नव्हता."

"कोणाले विचारलं?"

"तिथं बगळे होते. बगळ्यांले विचारू?"

"मनात विचार आणला?"

आजोबा खोटं बोलत नाहीत. म्हणाले, "आणला."

"झालं तर मग," पाटील म्हणाले, आणि मंडळी उठली.

त्यानंतर विचारावरही बंदी आली. पण माणसाने विचार करू नये याची तजवीज कशी करायची? त्यावर बरीच चर्चा होऊन तलावात मासे धरणाऱ्याला आजोबांच्या सोबतीला नेमलं. त्याला क्रिकेटचं काही म्हणजे काहीच नाही. तो माशांबद्दल बोलायचा आणि आजोबांनी ऐकायचं. दोन हंगामांत आजोबांना मरळ कुठल्या चिखलात लपते, रोहू केव्हा वर येते, हे इतकं पाठ झालं की जेवताना मला तेच ऐकावं लागे.

मध्ये एकदा जास्त खबरदारी म्हणून त्यांना थेट बिरसीला, माझ्या नणंदेकडे पाठवलं. तिथल्या विमानतळाजवळ शिकाऊ वैमानिकांची विमानं दिवसभर डोक्यावरून फिरतात, आवाजात विचार सुचणार नाही, असा पाटलांचा अंदाज. तिथे नणंदेच्या घरी टीव्ही चालू होता, आणि आपण हरलो. त्यानंतर बिरसीच्या लोकांनीही त्यांना ओळखलं. पुढे तिकडच्या एका लग्नात सामना आणि वरात एकाच वेळी आले, तेव्हा नवऱ्या मुलाच्या मामांनी स्वतः येऊन अत्यंत आदराने आजोबांना मांडवाच्या मागे, आचाऱ्याजवळ बसवलं.

या सगळ्यात माझाही हात आहे, ते लपवत नाही. आजोबांपुरतं थांबलं असतं तर गोष्ट वेगळी. पण हळूहळू गोदामातल्या प्रत्येकाची जागा पक्की होत गेली. ज्या जागी बसल्यावर षटकार गेला ती जागा सोडायची नाही. व्यापाऱ्याची बायको दारात लसूण सोलत असताना एकदा शतक झालं, तर तेव्हापासून तिने सामनाभर लसूण सोलायचाच. दोघांमध्ये एका कट्ट्यावरून मारामारीची वेळ आली, तेव्हा मी ड्रॉइंगच्या कागदावर सगळ्यांच्या जागांचा नकाशा काढून दिला. मी विज्ञानाच्याच बाजूने होते आणि आहे. मला फक्त भांडण नको होतं. अपुरा नकाशा मला बघवत नाही, म्हणून कागदाच्या कोपऱ्यात तलाव काढला आणि त्याच्या बांधावर निळी खुर्चीही दाखवली.

या वर्षी आजोबांचा मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली त्या दिवशी ते अंगणात बसून बराच वेळ पेरूच्या झाडाकडे पाहत होते. मग म्हणाले, "डोळा तर नवा झाला."

मी म्हटलं, "हो. आता पेपर वाचता येईल."

"एकदा फायनल पाहीन म्हणतो. सगळ्यांत बसून. पहिल्या बॉलपासून शेवटच्यापर्यंत."

"मग बघा ना."

"नाही जमत. जिंकली पाहिजे ना टीम."

ते असं म्हणाले आणि पुन्हा पेरूकडे पाहू लागले. वय त्र्याऐंशी. मी त्यांना पंचावन्न वर्षं ओळखते, आणि या सगळ्या वर्षांत त्यांनी स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. एकदा जाड काठाचं धोतर सोडलं तर.

फायनल झाली. ते तलावावर होते, आणि आपण जिंकलो. तुमचा कॉल आला तो हाच दिवस. पाच जण गुलाल घेऊन गेले आणि आजोबांना खुर्चीसकट उचलून आणलं. व्यापारी आनंदात होता. त्या आनंदाचा फायदा मी घेतला. त्याला म्हटलं, "हा अख्खा सामना तुमच्या टीव्हीवर उद्या पुन्हा लावता येतो ना? उद्या लावा. आजोबांना पाहू द्या. निकाल लागून गेला आहे, आता देशाला धोका नाही."

व्यापाऱ्याने पाटलांकडे पाहिलं. पाटलांनी डोळे मिटून विचार केला आणि एक अट घातली. आज जो जिथे बसला तो उद्याही तिथेच बसेल, म्हणजे काही गडबड नको.

"कसली गडबड?" मी विचारलं. "सामना होऊन गेला."

"म्हूनच तर सांभाळलं पाहिजे, मॅडम. जिंकलेली मॅच आहे."

सोमवारी सकाळी अकरा वाजता सगळं गाव पुन्हा गोदामात आलं. उन्हाळी धानाचं पाणी चालू होतं, पण पंपावर कोणी थांबलं नाही. मी नकाशा भिंतीला लावला आणि लोक त्याप्रमाणे बसले. व्यापाऱ्याच्या बायकोने सांगितलं की घरातला सगळा लसूण कालच सोलून झाला. तेव्हा पाच घरांतून लसूण गोळा केला. काल एक जण आठव्या ओव्हरला लघवीला गेला होता आणि चौकार बसला होता, त्याला आठव्या ओव्हरला आठवणीने बाहेर पाठवायचं ठरलं. आजोबांसाठी मात्र नकाशातल्या गोदामात जागाच नव्हती. शेवटी त्यांची निळी खुर्ची उंबरठ्यावर ठेवली, दोन पाय आत आणि दोन बाहेर.

ते धुतलेला सदरा घालून आले होते. बसताना त्यांनी खुर्चीचा तडकलेला हात सवयीने बाजूला धरला.

समोरच्या टीमची बॅटिंग संपेपर्यंत सगळं ठीक चाललं. आपली बॅटिंग आली आणि चौथ्या ओव्हरला पहिली विकेट पडली. काल पडली होती तीच. सगळ्यांनी वळून आजोबांकडे पाहिलं.

"काल पण हा इथंच आउट झाला होता ना?" कट्ट्यांवरून कोणी तरी विचारलं.

"झाला होता," दुसरा म्हणाला. "पण काल बॉल एवढा वर गेला नव्हता."

मी पेपर आणून दाखवला. पहिल्याच पानावर ट्रॉफीचा फोटो होता. पेपर हातोहात फिरला, सगळ्यांनी फोटो पाहिला, माना डोलावल्या, आणि तरीही गोदामात कोणी मोठ्याने श्वास घेत नव्हतं. आणखी दोन गेले. आठव्या ओव्हरला बाहेर पाठवलेला माणूस घाईत दोन चेंडू आधीच परतला म्हणून त्याला शिव्या बसल्या. मधल्या बऱ्याच ओव्हर कशाबशा गेल्या, आणि मग शेवटच्या काही ओव्हरांत लागोपाठ दोन विकेट पडल्या.

पाटील उठले. "काकाजी, राग नका मानू."

आजोबा आधीच उभे राहिले होते. खुर्ची त्यांनी डोक्यावर घेतलीसुद्धा होती.

"अहो, आपण जिंकलोय," मी म्हटलं.

"काल जिंकलो," आजोबा म्हणाले. "तू त्यांले बोलू नको. त्यांचं बरोबर आहे." आणि खाली वाकून त्यांनी चप्पल शोधायला सुरुवात केली. नव्या डोळ्याने ती त्यांना लगेच सापडली, याचं मला त्या क्षणी फार वाईट वाटलं.

तेवढ्यात मागून मासे धरणारा बोलला. काल तो नेमणुकीप्रमाणे तलावावर होता. आज आजोबा इथे आहेत म्हणून तोही इथे आला होता, आणि तीन तास जांभया देत होता. तो म्हणाला, "काल आमी दोघं तिकडं होतो. आज दोघंबी इथं. मंग तिकडं कोन आहे?"

मी नकाशाकडे पाहिलं. कोपऱ्यातली खुर्ची तिथे होती, मीच काढलेली. मी छडी घेऊन उभी राहिले, वर्गात राहायची तशी.

"हा बरोबर विचारतो आहे," मी म्हटलं. "काल जिंकताना तलावावरची खुर्ची भरलेली होती. आज रिकामी आहे. विकेटा आजोबा इथे बसल्याने पडत नाहीत. तिथे कोणी बसलेलं नाही, म्हणून पडताहेत."

बाळांनो, हे मी पूर्ण शुद्धीत बोलले. माझ्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेने ऐकलं असतं तर माझी पदवी काढून घेतली असती.

व्यापारी म्हणाला, "बात तो सही है." पाटलांनी नकाशाजवळ जाऊन कोपरा नीट पाहिला. नियम त्यांचेच, त्यामुळे पळवाट नव्हती. "मग जाईल कोन?" त्यांनी विचारलं, आणि विचारता विचारताच त्यांना दिसलं की आजोबा आणि मी सोडून गोदामात एकटे तेच उभे आहेत.

त्यांनी आजोबांच्या डोक्यावरची खुर्ची उतरवून घेतली. मासे धरणारा सोबत निघाला. "आता तुमची जागा रिकामी राहिली की," मी पाटलांना म्हटलं. "नकाशात तीही भरलेली आहे." पाटलांची जागा पहिल्या रांगेत, बरोबर मधोमध. आजोबांनी पाटलांकडे पाहिलं. पाटील म्हणाले, "बसा ना जी. भरलीच पाहिजे ते."

व्यापाऱ्याने सामना थांबवला. बोलर धावता धावता एक पाय वर घेऊन पडद्यावर उभा राहिला. पंधरा मिनिटं पन्नास माणसं त्या पायाकडे पाहत बसली. मग व्यापाऱ्याचा फोन वाजला. पाटील म्हणाले, "पोचलो. बसलो. लावा."

पुढचं तुम्ही पाहिलेलं आहे, त्यामुळे सांगत नाही. मी सामना पाहिलाच नाही. मी आजोबांना पाहत होते. शेवटची ओव्हर आली तेव्हा त्यांनी दोन्ही बाजूंच्या माणसांचे हात धरले होते. शेवटचा फटका बसला आणि गोदाम असं ओरडलं की थप्पीवरचा एक कट्टा खाली आला. कालचे उरलेले फटाके लावले. कोरडा राहिलेला एकही डोळा मला दिसला नाही, आणि हे सगळं अशा सामन्यासाठी, ज्याचा निकाल पेपरात छापून आला होता.

पाच जण गुलाल घेऊन पाटलांना आणायला गेले.

पाटील परत आले ते थेट आजोबांसमोर येऊन बसले. म्हणाले, "काकाजी, तिथं गावचा आवाज येते."

"येते ना."

"लोकं ओरडले ते ऐकू आलं. पण कायले ओरडले ते समजत नाही. जिंकले का हरले. जीव नुसता वरखाली होते."

"सवय होते," आजोबा म्हणाले.

"आणि हा मानूस मरळीचं सांगत राहते."

"चांगलं सांगते तो."

पाटलांनी कपाळावरचा गुलाल पुसला. "मले माहीत नव्हतं," एवढंच म्हणाले.

दोन दिवसांनी ते आमच्याकडे आले, तलावाच्या पाण्याची वही घेऊन. त्यांचं म्हणणं असं: रविवारी काकाजी तिथे होते, जिंकलो, सोमवारी मी होतो, तरी जिंकलो. म्हणजे माणूस कोणताही चालतो, खुर्ची तेवढी रिकामी नको. तलावाचं पाणी आपण पाळीने घेतो, मग हे एकाच घरावर काऊन? दर सामन्याला एका घराने एक मोठा माणूस पाठवावा, पाण्याच्या पाळीच्याच क्रमाने. मी चहा ठेवला.

गावाने ते मान्य केलं. आजोबांना कायमची माफी मिळाली, कारण त्यांनी पुरेसं बसून झालं आहे. त्यांना गोदामात जागा हवी म्हणून नकाशा नव्याने काढला. पाटील सरकून बसले. रात्री मी आजोबांना विचारलं, सगळ्यांत बसून पाहण्यात एवढं काय होतं? ते म्हणाले, "सगळे एकदम उड्या मारतात ना, तेव्हा आपली खुर्ची खालून हलते. तिकडं तलावावर हलत नाही."

आता एकच बाब राहिली. उन्हाळ्यात पाणी शेपटाकडच्या, म्हणजे तलावापासून सगळ्यांत लांबच्या, शेतापासून देतात, नाही तर तिथवर ते पोचतच नाही. आपलं शेत अगदी शेपटाला. म्हणून पहिली पाळी आपल्या घराची आली, आणि आजोबांना माफी असल्याने ती माझी आहे.

पुढच्या मोठ्या सामन्याला तुम्ही कॉल कराल तेव्हा मी उचलणार नाही. आजोबांना लावू नका. ते पहिल्या रांगेत असतील आणि त्यांना ऐकू येणार नाही. मी या गोष्टी मानत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. खुर्ची मी काल साबणाने धुतली आणि तडकलेल्या हाताला सुतळी बांधून घेतली. मोबाईल घरी ठेवणार आहे. वाचायला काही न्यावं का, असं पाटलांना विचारलं, तर म्हणाले, "न्या. पण मॅडम, त्यात क्रिकेट नको."